उत्पत्तीमधला पहिला माणूस नर-नारी दोन्ही होता? ज्यू परंपरेत खरंच असं मानतात का?

रानवाटा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सध्या जुना करार मराठीतून सलग वाचायला घेतलाय आणि उत्पत्ती या पहिल्याच पुस्तकाच्या पहिल्या दोन अध्यायांतच अडकलेय. पहिल्या अध्यायात देव माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवतो आणि नर व नारी दोघंही एकदमच तयार होतात, कोणी आधी नाही कोणी नंतर नाही. आणि लगेच दुसऱ्या अध्यायात मातीचा एकटा आदाम, मग त्याने एकटं राहणं बरं नाही म्हणून सगळे प्राणी त्याच्यापुढे आणले जातात, त्यातलं एकही जोडीदार म्हणून चालत नाही, मग गाढ झोप, मग फासळी, आणि मग बाई. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं काय?

नेटवर शोधलं तर एक जण म्हणतो पहिला आदाम अर्धा पुरुष अर्धी स्त्री होता, दुसरा म्हणतो की काबालात (ज्यूंच्या गूढ परंपरेत) देवच नर-मादी आहे, तिसरा लिलिथची गोष्ट सांगतो आणि तीच खरी पहिली बायको म्हणतो. यातलं जुन्या परंपरेत खरोखर किती आहे आणि अलीकडे कोणी कोणी जोडलेलं किती? आणि आपल्या अर्धनारीनटेश्वराशी याचं काही नातं आहे का नुसतं वरवरचं साम्य? ज्यांनी नीट वाचलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज, मला घाई नाहीये.

जुनी_पोथी

प्रश्न अगदी योग्य जागी पडलाय, कारण ज्यू पंडितांनासुद्धा तो तिथेच पडला होता. आजचे बायबलचे अभ्यासक म्हणतात की या दोन वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या गोष्टी आहेत, नंतर एकत्र जोडलेल्या. पण जुन्या रब्बींना (ज्यू धर्मपंडितांना) तो मार्ग मोकळा नव्हता, त्यांच्या दृष्टीने तोरा (बायबलची पहिली पाच पुस्तकं) एकच, बोलणारा एकच, मग विसंगती दिसली तर तिथे काहीतरी सांगायचं राहिलंय असं समजायचं. त्यात पाचव्या अध्यायाची सुरुवात वाचा, तिथे नर व नारी अशी ती निर्माण केली आणि *त्यांचं* नाव आदाम ठेवलं असं आहे. म्हणजे आदाम हे दोघांचं मिळून नाव!

यावर बेरेशीत रब्बा म्हणून उत्पत्तीवरचा जो जुना मिद्राश, म्हणजे रब्बींनी अर्थ लावलेला ग्रंथ, आहे (साधारण पाचव्या शतकातला) त्याच्या आठव्या भागात उत्तर येतं. एक रब्बी म्हणतात पहिला माणूस उभयलिंगी घडवला होता, आणि त्यासाठी ते चक्क ग्रीक शब्द वापरतात, अँड्रोगिनोस. दुसरे रब्बी शमुएल बार नहमान म्हणतात तो दोन तोंडांचा होता, पाठीला पाठ चिकटलेली दोन शरीरं, आणि देवाने त्याला करवतीने कापावं तसं मधोमध कापलं आणि दोघांना दोन पाठी दिल्या. लगेच कोणीतरी हरकत घेतं की अहो पण फासळी काढली असं लिहिलंय ना? त्यावर उत्तर असं की तिथला हिब्रू शब्द त्सेला, तोच शब्द निर्गम या पुस्तकात निवासमंडपाच्या (देवासाठी उभारलेल्या तंबूच्या) बाजूसाठी आलाय, तर इथेही बाजू समजा. एवढ्या एका शब्दावर सगळं फिरतं. फासळी काढली तर बाई हा पुरुषातून काढलेला तुकडा, बाजू वेगळी केली तर दोघंही कापल्यानंतरच जन्मले.

तल्मूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या मोठ्या संग्रहात (बराखोत ६१अ), याच्यावर वाद आहे, राव आणि शमुएल यांच्यात. एकाचं म्हणणं ती त्सेला म्हणजे तोंड होतं, दुसऱ्याचं म्हणणं शेपूट होतं, म्हणजे देवाने आदामाची शेपटी काढून तिची बाई केली! दोन्ही मतं शेजारी शेजारी ठेवलीत आणि कोणालाही गप्प केलेलं नाही. त्यापुढे आणखी चर्चा की दोन तोंडं होती तर चालताना पुढे कोणतं असायचं, आणि उत्तर येतं पुरुषाचं, कारण पुरुषाने बाईच्या मागून चालू नये. हे वाचून मला दरवेळी वाईट वाटतं, इतकी मोठी कल्पना केल्यावर लगेच पुढे कोण चालणार याची काळजी.

एक लक्षात घ्या की इथपर्यंत यात गूढ किंवा गुप्त असं काहीच नाहीये. राशी (१०४०–११०५), ज्याचं भाष्य ज्यू मुलं शाळेतच शिकतात, त्यानेसुद्धा पहिल्या अध्यायावर लिहिताना हेच दोन तोंडांचं स्पष्टीकरण दिलंय. मायमोनिडीझसारखा कडक तर्कवादीही 'गोंधळलेल्यांचा मार्गदर्शक' या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ते घेतो आणि म्हणतो की समजणाऱ्याने समजावं, दोघं एका अर्थी दोन आणि एका अर्थी एक. तेव्हा नेटवरचं पहिलं उत्तर पक्कं जुनं आहे.

नाईलकाठ

वरच्या प्रतिसादात मी अलेक्झांड्रियाची भर घालते, कारण बरेच लोक सगळं एकाच पातेल्यात घालतात आणि मग काहीच कळत नाही.

रब्बींच्याही आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियात फिलो नावाचा ज्यू तत्त्वज्ञ होता, ग्रीकमध्ये लिहायचा, प्लेटो कोळून प्यायलेला. त्याने हीच दोन अध्यायांची अडचण वेगळ्याच पद्धतीने सोडवली. पहिल्या अध्यायातला माणूस म्हणजे नुसती कल्पना, आदर्श, त्याला शरीर नाही, तो पुरुषही नाही स्त्रीही नाही. दुसऱ्या अध्यायातला मातीचा, तो शरीरवाला, मरणारा. आणि मग रूपक, आदाम म्हणजे बुद्धी, हव्वा म्हणजे इंद्रियं, साप म्हणजे सुखाची ओढ, आणि साप थेट बुद्धीकडे जात नाही, इंद्रियांमार्फत जातो. रचना म्हणून फार सुंदर आहे पण बाईला इंद्रिय करून टाकलं की ती कायमची खालच्या पायरीवर जाते, आणि हे रूपक पुढे ख्रिस्ती लेखकांनी उचललं आणि त्याने बायकांचं भलं अजिबात झालेलं नाही. शिवाय प्लेटोच्या 'मेजवानी' या संवादात ती गोल माणसांची गोष्ट आहे ना, झ्यूस त्यांना मधोमध कापतो आणि मग प्रत्येक अर्धा आपला दुसरा अर्धा शोधत फिरतो, ती फिलोला अजिबात आवडायची नाही. उलट रब्बींच्या कापण्याच्या गोष्टीत मात्र तिचा वास येतो, तो ग्रीक शब्द तसाच उगाच आलेला नसणार.

मग ग्नॉस्टिक मंडळी, म्हणजे गुप्त ज्ञानातून मुक्ती मानणारे सुरुवातीच्या ख्रिस्ती काळातले पंथ. १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ मडक्यात बंद केलेल्या कॉप्टिक भाषेतल्या जुन्या पोथ्या सापडल्या, त्यात उत्पत्तीचं पार उलटं वाचन आहे. फिलिपच्या नावावरच्या शुभवर्तमानात म्हटलंय की हव्वा आदामात होती तोवर मरण नव्हतं, ती वेगळी झाली आणि मरण आलं, परत एक झाले की मरण संपेल. दुसऱ्या एका पोथीत तर आदाम जमिनीवर नुसता पडून असतो, उठूच शकत नाही, आणि आत्म्याने भरलेली स्त्री येऊन त्याला उठवते आणि तो तिला तूच मला जीव दिलास असं म्हणतो. ही ओळ वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते.

पण फरक बघा. ग्नॉस्टिकांना वेगळं होणं हीच मूळ दुर्घटना वाटते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत गोर्लिट्झ गावचा चांभार याकोब ब्योमे लिहीत होता, त्याचंही तसंच, आदामाच्या आत सोफिया नावाची दिव्य कुमारी होती, आदाम झोपला तीच त्याची पहिली घसरण, आणि ती गेल्यावर मग हव्वा मिळाली. ज्यू काबाला यापेक्षा वेगळा आहे असं मला वाटतं, त्यावर कोणीतरी जाणकाराने लिहावं.

सातवी_ओवी

लिहितो, जरा लांब होईल.

काबालात रब्बींची दोन तोंडांची गोष्ट माणसावरून उचलून थेट देवावर नेली जाते. तर्क साधा आहे, माणूस देवाच्या प्रतिरूपात केला असं लिहिलंय आणि लगेच पुढे नर व नारी असं लिहिलंय, तर मग प्रतिरूपच नर-नारी असलं पाहिजे. याची सगळ्यात जुनी खूण मिळते ती दक्षिण फ्रान्समध्ये, बाराव्या शतकात, पोस्कियेरचा रब्बी अब्राहम बेन दाविद (मृत्यू ११९८) याच्या एका छोट्या टिपणात. तो म्हणतो की दोन तोंडं म्हणजे देवाचे दोन गुण, न्याय आणि करुणा. ते सुटे सुटे निर्माण झाले असते तर प्रत्येकाने आपापलंच चालवलं असतं, पण एकत्र जन्मले म्हणून एकमेकांना धरून काम करतात. एवढंसं टिपण, पण पुढचं सगळं याच्यात आहे.

मग जोहार, काबालाचा मुख्य ग्रंथ. तेराव्या शतकाच्या शेवटी स्पेनमध्ये कॅस्टिल प्रांतात बाहेर आला, मोशे दे लेऑनच्या हातून, नाव मात्र दुसऱ्या शतकातल्या शिमोन बार योहाई यांचं. त्यात पाचव्या अध्यायाच्या त्याच वाक्यावर म्हटलंय की ज्या रूपात नर आणि मादी दोन्ही नाहीत ते वरचं रूप असूच शकत नाही, जिथे दोघं एकत्र नाहीत तिथे देव वस्ती करत नाही, आणि एकट्या पुरुषाला आदाम म्हणतच नाहीत. हे नुसतं तत्त्वज्ञान म्हणून सोडलेलं नाही. प्रवासाला निघालेला पुरुष बायकोपासून लांब गेला की अर्धा होतो, म्हणून त्याने निघण्याआधी प्रार्थना करावी म्हणजे शेखीना, देवाचं जगातलं स्त्रीरूप सान्निध्य, वाटेत त्याच्या सोबतीला राहते, आणि घरी परत आल्यावर त्याने बायकोला आनंद द्यावा कारण तिच्यामुळेच ती सोबत मिळाली होती. संसार टाकून देव शोधा असं इथे कोणी म्हणत नाही, बायको नसलेला काबालावादी ही त्यांच्या लेखी अडचणच.

रचना थोडक्यात सांगतो. देव स्वतः, एन सोफ, त्याला नर-नारी काहीच लागू नाही. त्याच्यातून दहा सेफिरोत, म्हणजे देवाच्या शक्ती, प्रकटतात. त्यातली होखमा म्हणजे पिता, बीना म्हणजे माता, त्यांच्यापासून पुत्र, ज्याचं मध्य तिफेरेत, आणि कन्या किंवा वधू म्हणजे मालखुत, तीच शेखीना. देवाच्या चार अक्षरी नावातली चार अक्षरं म्हणजेच हे चौघं, म्हणजे ज्यू ज्या नावाचा उच्चारही करत नाहीत ते नावच एक कुटुंब आहे. आणि इथे नर-मादी हे ठरलेले शिक्के नाहीत हे मला फार महत्त्वाचं वाटतं, देणारा तो नर आणि घेणारी ती मादी, म्हणून बीना ही होखमासमोर स्त्री पण खालच्या सातांना तीच सगळं पुरवते. मालखुतसुद्धा वरून घेते आणि खालच्या जगांना देते. एकच सेफिरा वर तोंड केलं की स्त्री आणि खाली तोंड केलं की पुरुष.

आता इसहाक लुरिया. १५७० मध्ये गालीलमधल्या त्सफात गावात आला आणि १५७२ मध्ये वारला, वय अवघं ३८, स्वतः जवळपास काहीच लिहिलं नाही, त्याचा शिष्य हाईम विताल याने सगळं लिहून ठेवलं. त्याने मिद्राशातल्या त्या कापण्यालाच केंद्रात आणलं. त्याच्या शिकवणीत नर आणि नारी सुरुवातीला पाठीला पाठ लावून असतात, आणि ही अपुरी अवस्था आहे. पाठीला पाठ असलेले दोघं एकमेकांना पाहू शकत नाहीत, देऊ घेऊ शकत नाहीत. म्हणून नरावर झोप घातली जाते, ती कापाकापी (नेसिरा म्हणतात) होते, न्यायाची शक्ती नारीकडे जाते आणि त्यातून ती स्वतःची म्हणून घडते, आणि मग दोघं समोरासमोर येऊ शकतात. हे एकदाच झालं असंही नाही, दरवर्षी रोश हशानाला (ज्यू नववर्षाला) पुन्हा ती झोप येते, शोफार (शिंगाचा कर्णा) वाजतो तो जागं करायला, आणि योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसापर्यंतच्या दहा दिवसांत नेसिरा चालते.

नाईलकाठ यांनी विचारलेला फरक इथे आहे. ग्नॉस्टिकांना कापणं म्हणजे मरण, लुरियाला कापल्याशिवाय प्रेमच नाही. आणि रानवाटा यांच्या अर्धनारीनटेश्वराचंही उत्तर यातच मिळेल. घारापुरीच्या लेण्यातलं ते शिल्प बघा किंवा अमृतानुभवाचं पहिलं प्रकरण वाचा, ज्ञानदेवांची शिवशक्ती एकमेकांत इतकी मिसळलेली की दोन म्हणावं तर दोन नाहीत, आणि ते एकत्व हेच अंतिम. लुरियाच्या पद्धतीत एका शरीरात जोडलेले दोघं ही सुरुवात आहे आणि ती मागे टाकायची आहे. साम्य आहे, ते मोठंही आहे, पण गाडी उलट दिशेने चाललीय. कोणी कोणाकडून घेतलं वगैरे शोधत बसण्यात मला अर्थ वाटत नाही.

अश्दोदकर

शालोम मंडळी, मी बेने इस्राएल (महाराष्ट्रातला ज्यू समाज), माझे आईवडील ठाण्याहून इथे इस्राएलला आले, घरात अजून मराठीच. वर सगळं पुस्तकातलं आलं, मी फक्त रोजच्या जगण्यातलं सांगतो.

आमच्याकडे काबाला म्हणून घरी कोणी काही शिकवलं नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी लेखा दोदी सगळ्यांना तोंडपाठ, आणि ते गाणं त्याच त्सफातमध्ये सोळाव्या शतकात श्लोमो अल्काबेत्झने रचलेलं, वराला बोलावणं आहे की चल वधूला सामोरे जाऊ. शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळतात, ये वधू ये वधू म्हणतात. लहानपणी मला वाटायचं की शब्बाथलाच (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला) वधू म्हणतात, छान कल्पना. मोठेपणी कळलं की ती शेखीना आहे आणि आठवडाभर दुरावलेले दोघं त्या संध्याकाळी भेटतात. मुंबईच्या, ठाण्याच्या, अलिबागच्या सिनागॉगमध्ये आमच्या आजीआजोबांनी हेच म्हटलं आणि आम्ही इथे म्हणतो.

तसंच कित्येक प्रार्थनापुस्तकांत मित्सवा (धर्माने सांगितलेलं कृत्य) करण्याआधी एक छोटं वाक्य असतं, पवित्र देव आणि त्याची शेखीना यांच्या मीलनासाठी मी हे करतोय अशा अर्थाचं. मेणबत्ती असो, दान असो. म्हणजे साधा माणूससुद्धा त्या जोडणीत हातभार लावतो असं मानलंय. मला यातलं हेच सगळ्यात जवळचं वाटतं की देवाच्या घरातला दुरावा मिटवायला देवाला आपली गरज आहे.

रानवाटा

किती दिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचलं आणि अजून वाचणारे. पण एक गोष्ट मला टोचतेय. एवढं सगळं देवात स्त्री आहे, तिच्याशिवाय आदाम नाही वगैरे, तर मग याचा अर्थ काबालात स्त्री-पुरुष समान आहेत असा घ्यायचा का? नेटवर बरेच लोक तसंच लिहितात. आणि लिलिथचं राहिलंच.

दुसरी_बाजू

समान असा अर्थ सरळ घेऊ नका, आणि हे मी काबालावर प्रेम असूनच म्हणतेय.

ज्या अब्राहम बेन दाविदचं टिपण वर आलं, त्याच टिपणात तो म्हणतो की आदाम-हव्वा एकत्र घडवले ते बायकोने नवऱ्याचं ऐकावं, तिचं जगणं त्याच्यावर अवलंबून असावं म्हणून, आणि मग पुढे जवळीक आणि स्नेहाचं बोलतो. दोन्ही एकाच श्वासात. अभ्यासकांमध्ये यावर मोठा वाद आहे. एलियट वुल्फसनचं म्हणणं असं की हे उभयलिंगी रूप शेवटी पुरुषाचंच आहे, स्त्री त्याच्यातून निघते आणि मीलनात परत त्याच्यात विरघळते, तिला स्वतःचं असं उरत नाही. मोशे इदेलला हे मान्य नाही, तो म्हणतो ग्रंथांत अनेक वेगवेगळे नमुने आहेत आणि काहींत स्त्रीचं मूळ खूप वरचं आहे. मला स्वतःला वुल्फसनचं वाचन बऱ्याच उताऱ्यांना लागू होतं असं वाटतं, सगळ्यांना नाही. जुने काबालाग्रंथ लिहिणारे सगळे पुरुष होते हे विसरून चालणार नाही, शेखीनेबद्दल पानंच्या पानं आहेत पण एखादी बाई स्वतः बोलतेय असं कुठे सापडत नाही. देवी मोठी झाली म्हणून घरातली बाई मोठी होत नाही, हे आपल्याला महाराष्ट्रात कोणी समजावून सांगायला नको.

तरी एक धागा असा आहे ज्याच्यामुळे मी हे सोडून देऊ शकत नाही, आणि तो आदाम-हव्वेत नाही, चौथ्या दिवशीच्या सूर्यचंद्रात आहे. उत्पत्ती १:१६ वाचा, आधी दोन मोठ्या ज्योती म्हणतात आणि लगेच एक मोठी एक लहान. तल्मूदमध्ये (हुलीन ६०ब) यावर गोष्ट आहे. चंद्र (हिब्रूत इथे ती स्त्रीलिंगी आहे) देवाला विचारते, दोन राजांनी एक मुकुट कसा वापरायचा? देव म्हणतो मग जा, तू लहान हो. ती म्हणते, मी बरोबर बोलले म्हणून मला लहान करायचं? देव तिची वेगवेगळी समजूत घालतो, ती काही मानत नाही, आणि शेवटी देव म्हणतो की चंद्राला लहान केल्याबद्दल माझ्यासाठी प्रायश्चित्ताचा बळी आणा. देवासाठी प्रायश्चित्त! कोणत्या धर्मग्रंथात देव असं म्हणतो?

काबालात चंद्र म्हणजे मालखुत, म्हणजे नारी. म्हणून तिचं लहान असणं हा निसर्गनियम राहत नाही, ती मधली अवस्था ठरते, सुरुवातीला दोघं एका उंचीची होती आणि शेवटी परत होणार. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात चंद्राचा प्रकाश सूर्यासारखा होईल असं वचन आहे (३०:२६), आणि दर महिन्याला चंद्रकोर वाढायला लागली की ज्यू लोक बाहेर उघड्यावर उभे राहून जी प्रार्थना म्हणतात तिच्यात चंद्राची उणीव भरून काढ अशी विनंती असते. लुरियाच्या परंपरेत तर तिच्या वाढण्याचे टप्पे मांडलेत. हे लिहिणाऱ्या पुरुषांनी आपल्या घरात काय केलं ते वेगळं, पण जे लिहून ठेवलंय त्यात असमानता ही दुरुस्त व्हायची गोष्ट आहे, आणि ते वाचण्याचा हक्क आता आपल्यालाही आहे.

लिलिथबद्दल थोडक्यात. यशयात (३४:१४) उजाड जागेतल्या प्राण्यांबरोबर एकदा तिचं नाव येतं, बस. तल्मूदमध्ये ती रात्रीची लांब केसांची बाधा आहे, आदामाशी संबंध नाही. बेरेशीत रब्बात एका पहिल्या हव्वेचा उल्लेख आहे पण तिला लिलिथ म्हटलेलं नाही. आदामाची पहिली बायको, तीही मातीचीच, म्हणून खाली राहायला नकार देणारी, देवाचं नाव उच्चारून उडून गेलेली, ही गोष्ट येते बेन सिराची वर्णमाला नावाच्या मध्ययुगीन पुस्तकात, आठव्या ते दहाव्या शतकाच्या आसपासच्या, आणि त्या पुस्तकाचा एकंदर सूरच टवाळीचा आहे. तेव्हा जुनं आहे पण फार जुनं नाही. गंमत एवढीच की तीही तुमच्याच पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, पहिल्या अध्यायातली बाई वेगळी आणि दुसऱ्यातली वेगळी. आज बायकांनी तिला आपलं मानलं त्यात मला काही वावगं वाटत नाही, फक्त ती काबालाची मूळ शिकवण आहे असं म्हणू नये, जोहारमध्ये ती भयंकर राक्षसीच आहे.

जुनी_पोथी

दुसरी_बाजू यांच्याशी सहमत, विशेषतः चंद्राबद्दल. रानवाटा, पुढे वाचणार असाल तर जोहार थेट उघडू नका, पहिल्या दहा पानांत वाट हरवते. आधी उत्पत्तीचे पहिले तीन अध्याय आणि पाचव्याच्या पहिल्या दोन ओळी, मग त्यावर राशी, मग बेरेशीत रब्बाचा आठवा भाग, आणि मग हुलीनमधली ही चंद्राची गोष्ट. एवढं झालं की जोहारमध्ये कोण कोणाशी बोलतंय ते लक्षात यायला लागतं. अडलं की याच धाग्यावर विचारा.